घंटा तीन, गोळ्या पाच

वसईला लोक किल्ला बघायला जातात, समुद्रावर जातात, फार तर केळी आणायला जातात. मी नागीण बघायला गेले. नागीण म्हणजे अंगावर उठते ती, आगआग करणारी फोडांची रांग. ती माझ्या मैत्रिणीच्या, कुंदाच्या, डाव्या कपाळावर उठली होती आणि डोळ्याकडं उतरत होती. किल्ला बघायचा राहिला तो राहिलाच. ज्यांना किल्ल्याची माहिती हवी त्यांनी खुशाल दुसरं काही वाचावं, मी रागावणार नाही.

कुंदा आणि मी मिरजेला एका बाकावर बसून फार्मसीचा डिप्लोमा केला. एका बाकावर आणि एका डब्यात. तिच्या आईची भाजी चांगली असायची आणि माझ्या आईची भाकरी. पुढं मी मिरजेतच राहिले, वडिलांचं औषधाचं दुकान हातात घेतलं आणि लग्नाच्या भानगडीत काही पडले नाही. ती लग्न करून वसईजवळच्या गिरीजला गेली, केळी-नारळाची वाडी असलेल्या घरात. नवरा मुंबईला नोकरी करायचा. माणूस गोड होता, मला 'मेव्हणीबाई' म्हणून छळायचा. काही वर्षांनी तो आजारी पडून गेला आणि जाताना हिच्या रक्तात एचआयव्ही ठेवून गेला. हे असं सरळ लिहिते, कारण कुंदानंच मला बजावलंय, "लिहायचं तर सरळ लिही. गुंडाळून लिहिलंस तर मी वाचणार नाही." नावं तेवढी बदलली आहेत.

तिचा फोन आला तेव्हा मी दुकानात होते.

"शोभा, डाव्या कपाळावर नागीण आलीय. परवा नुसती मुंग्या आल्यासारखी टोचणी होती, काल फोड दिसले. डॉक्टरांनी कालच गोळी सुरू केलीय."

"कुठली?"

"जुनीच. पाचवेळावाली."

"तीनवेळावाली का नाही?"

"इथं लगेच मिळाली नाही. आणि ऐक, डोळा उघडत नाहीये."

आमचं हे बोलणं दुसऱ्या कुणाला कळणार नाही, म्हणून सांगते. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की त्यांचा विषाणू अंगातून जात नाही, एखाद्या नसेत दडून बसतो. अंगातली ताकद कमी झाली की उठतो आणि त्या नसेच्या वाटेनं फोड काढतो. ती नागीण. एचआयव्ही असलेल्यांना ती जास्त वेळा होते आणि जास्त छळते. तिच्यावर गोळ्या आहेत, पण त्या फोड दिसल्यावर दोन-तीन दिवसांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. असायक्लोव्हिर ही त्यातली जुनी, दिवसातून पाच वेळा घ्यायची. फॅमसायक्लोव्हिर आणि व्हॅलासायक्लोव्हिर या नव्या, महाग, पण तीनदा घेतल्या की झालं. माझ्या दुकानात नव्या गोळीला वर्षातून एखादं गिऱ्हाईक यायचं. मी सांगलीच्या होलसेलवाल्याकडून व्हॅलासायक्लोव्हिर मिळवली, दुकान चुलतभावाच्या गळ्यात मारलं आणि गाडीत बसले.

पिशवीत औषधाखेरीज कांदा-लसणीची चटणी होती, आणि मनात एकच गोष्ट होती. ही बाई बरी झाली की हिला उचलून मिरजेला आणायचं. दुकानाच्या वर माझ्या दोन खोल्या आहेत, त्यातली एक मी निघण्याआधी झाडून ठेवली होती.

वसई रोड

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला म्हटलं, गिरीज. तो म्हणाला, "गिरीजला कोणाकडे?" मी म्हटलं, तुला काय करायचंय. तो म्हणाला, "ताई, घर नाय सांगितलं तर सोडू कुठे? वाड्यांमध्ये सगळ्या गल्ल्या सेम दिसतात." आमच्याकडं मिरजेत पत्ता म्हणजे पेठ, गल्ली, मारुतीचं देऊळ. इथं पत्ता म्हणजे माणसाचं नाव. मी कुंदाच्या सासऱ्यांचं नाव सांगितलं. ते जाऊन कैक वर्षं झाली होती, पण तेवढ्यावर त्यानं रिक्षा चालू केली.

स्टेशनाजवळ नव्या इमारतींची नुसती दाटी. दोऱ्यांवर वाळत घातलेले शर्ट, बाल्कनीत कुंड्या, प्रत्येक खिडकीत एक कुटुंब. मग एका वळणानंतर इमारती विरळ झाल्या आणि एकदम गारवा लागला. दोन्ही बाजूंना केळीच केळी, वर नारळ, मध्ये अळू, कुठं मोगरा, आणि एका कोपऱ्यावर फुलांचा हार घातलेला क्रूस. आमच्याकडं माणसं आभाळाकडं बघत शेती करतात. इथं आभाळ दिसायलाच मान वाकडी करावी लागते. मला एवढा राग आला त्या हिरव्या सावलीचा! इतक्या वर्षांत कुंदा मिरजेला परत का आली नाही, ते त्या वळणावर अर्धं कळलं.

गिरीज

दारात कडुनिंबाचा डहाळा टांगलेला होता आणि डहाळ्याखाली कुंदाची सासू उभी होती. मी त्यांना मावशी म्हणते. ठेंगणी, ताठ कण्याची बाई, हातात कोयता. घरात त्या आपली वाडवळांची, म्हणजे तिकडच्या वाड्यांतल्या बागायतदारांची, बोली बोलतात, ती मला निम्मीच कळते. माझ्याशी बोलताना शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ मराठी बोलतात, आणि त्यामुळं मला उगीच धाक वाटतो.

"हातपाय धू. मग सांग, तुला लहानपणी कांजिण्या आल्यात का?"

"आल्यात."

"मग जा आत. पुतण्याच्या पोरांना मी इकडे फिरकू देत नाही."

हे मात्र बरोबर होतं. ज्याला कांजिण्या झाल्या नाहीत त्याला नागिणीच्या फोडांतून त्या लागू शकतात. मी मनात म्हटलं, बाई शहाणी दिसते. तेवढ्यात त्यांनी पुढचं सांगितलं. नागिणीचं पथ्य: अंधारी खोली, बाहेर पाऊल नाही, आंबट नाही, तिखट नाही, आंघोळ नाही, आणि पाणी घोटभरच, कारण पाणी प्यायलं की फोड भरतात.

मी आत गेले. मागच्या खोलीत खिडकीला चादर लावलेली होती. कुंदा उशीला टेकून बसली होती. कपाळाच्या डाव्या निम्म्यावर फोडांचा घोस, अगदी मधोमध आखल्यासारखा थांबलेला. डावी पापणी सुजून मिटलेली. माझी नजर पहिल्यांदा तिच्या नाकाच्या शेंड्यावर गेली, कारण आम्हाला कॉलेजात शिकवलेलं होतं की नागीण कपाळावर असली की नाकाचा शेंडा बघायचा. तिथं फोड असला तर त्याच नसेची फांदी डोळ्यात जाते, म्हणजे डोळ्याला धोका.

शेंड्यावर एक फोड होता.

"बघितलास ना?" कुंदा म्हणाली. "मीही आरशात पहिल्यांदा तेच बघितलं."

मला रडू आलं ते मी तिच्यासमोर दाबलं नाही. का दाबू? ती म्हणाली, "रडून झालं की चटणी दाखव." पथ्यामुळं तिला चटणी मिळणार नव्हती. मी डबा उघडला, तिनं तो नाकापाशी धरून खोल श्वास घेतला आणि उजवा डोळा मिटला. "मिरजेचा बाजार आला गं," म्हणाली. किती वेळ ती डबा हातात धरून बसली होती.

पाण्यावरून माझी आणि मावशींची पहिली लढाई झाली. ही गोळी लघवीवाटे बाहेर पडते. पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. मी तावातावानं सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझ्या दुकानात तुझं. या खोलीत माझं." मी कपाळावर हात मारून घेतला. तेव्हा कुंदा आतून हळूच म्हणाली, "आई, पाणी नको. पण शहाळं चालेल ना?"

मावशींनी विचार केला. शहाळं हे पाणी नव्हे, शहाळं हे शहाळं. "शहाळ्याला कोण नाही म्हणतं?" म्हणाल्या, आणि कोयता घेऊन वाडीत गेल्या. त्या दिवसापासून प्रत्येक गोळीला एक शहाळं. एवढी शहाळी मी आयुष्यात एकत्र बघितली नव्हती.

मग गेरू. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भेटली की माणूस दगावतो, अशी समजूत आमच्याकडंही आहे. मावशी वाटीत गेरू कालवून आल्या आणि नागिणीची वाट अडवायला भुवईवरून, पापणीजवळून रेघ ओढायला निघाल्या. मी मध्ये उभी राहिले. "मावशी, डोळ्यापाशी बोट नाही जाऊ द्यायची मी. काय वाटेल ते करा." त्यांचा चेहरा लाल झाला. पुन्हा कुंदाच बोलली, "आई, तोंड इथं कपाळावर आहे. शेपूट मागं मानेत असणार. शेपूटच अडवली तर ती जाईल कुठं?" मावशींनी वाटी फिरवली आणि तिच्या मानेवर केसांखाली जाडजूड लाल रेघ ओढली. रेघ ओढून झाल्यावर त्यांनी तिचे केस हळूच सारखे केले. ते बघून मी वाटी धुवायला घेतली.

त्या घरात एचआयव्ही हा शब्द कुणी उच्चारत नसे. ठाऊक सगळ्यांना होतं. कुंदाच्या रोजच्या दोन वेळच्या गोळ्यांची बाटली उघड्या फडताळात, देवाच्या तेलाशेजारी असायची आणि ती संपत आली की मावशीच म्हणायच्या, "तुझं ते आणायला झालंय."

दवाखाना

दुसऱ्या दिवशी तिला दाखवायला न्यायचं होतं. पथ्यात उंबरा ओलांडायचा नसतो. पण मावशींना मी एवढंच म्हटलं, "डोळा जाईल." त्यांनी स्वतःची काळी छत्री आणून दिली.

डॉक्टर बाई होत्या, तरुण, थकलेल्या, हसऱ्या. शेजारच्या खोलीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यात पिवळं औषध घालून निळ्या उजेडात बघितलं. बुबुळाच्या कडेला बारीक जखम होती. आत पसरली नव्हती. डोळ्यात घालायचं मलम दिलं आणि म्हणाले, येते काही दिवस महत्त्वाचे.

मी पिशवीतून माझी व्हॅलासायक्लोव्हिर काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "ही का नाही? तीन वेळा घ्यायची. एवढ्या आजारी बाईनं पाच-पाच वेळा गोळ्या का गिळायच्या?"

माझा सूर भांडखोर होता, पण त्या रागावल्या नाहीत. "चांगलीच गोळी आहे. पोटात गेली की तिचंच असायक्लोव्हिर होतं, फक्त रक्तात जास्त चढतं, म्हणून तीनदा पुरते. दुखणं थोडं लवकर कमी होतं असंही म्हणतात."

"मग?"

"मग असं, की जुन्या गोळीवर एचआयव्हीच्या पेशंटमध्ये आमचा हात बसलाय. नव्या गोळीचे फार मोठे डोस, फार खालावलेल्या पेशंटना दिले तेव्हा रक्ताच्या काही तक्रारी आल्याचं आम्हाला शिकवलंय. या डोसाला ती भीती नाही. एचआयव्ही ज्या पेशी खातो, त्याही यांच्या बऱ्या आहेत. खरं म्हणजे कुठली गोळी यापेक्षा कधी सुरू केली ते महत्त्वाचं, आणि यांनी वेळेत सुरू केलीय. फोड अंगभर पसरले किंवा नजर कमी व्हायला लागली, तर दोन्ही गोळ्या बाजूला, ॲडमिट करून शिरेतून असायक्लोव्हिर द्यावं लागेल."

"तोवर?"

"तोवर पाचवेळावालीचा मुख्य तोटा एकच. माणूस डोस चुकवतो. चुकणार असतील तर तुमची घ्या. चुकणार नसतील तर आहे तीच फोडांवर पक्की खपली धरेपर्यंत चालू ठेवा." त्यांनी कुंदाकडं बघितलं. "तुम्हीच सांगा."

"पाचवाली," कुंदा म्हणाली. लगेच. विचारसुद्धा केला नाही.

रिक्षात मी तिला बोलबोल बोलले. गाडीत उभं राहून पिशवी छातीशी धरून आणलेली गोळी, आणि ही बया एका शब्दात परत करते! ती छत्रीखाली एक डोळा मिटून बसली होती आणि मला वाटलं, हसत होती.

घंटा

गिरीजला चर्चची घंटा पहाटे वाजते, दुपारी बाराला वाजते आणि तिन्हीसांजेला वाजते. मावशी रोज देवापुढं दिवा लावतात, तुळशीला पाणी घालतात, पण त्यांचं घड्याळ म्हणजे ती घंटा. भात चढवायचा, पंप सोडायचा, दिवा लावायचा, सगळं तिच्यावर. शेजारची ख्रिस्ती मंडळी तेव्हा थांबून प्रार्थना म्हणतात आणि मावशी भाताखालचा जाळ कमी करतात.

"बघ," मी कुंदाला म्हटलं, "माझी गोळी घेतली असतीस तर घंटेवर भागलं असतं. घंटा तीन, गोळ्या तीन. आता मधल्या दोन वेळा कोण सांभाळणार?"

"तू."

"मी काय जन्मभर इथं बसणार आहे?"

"म्हणून तर," ती म्हणाली. "तीनवाली घेतली असती तर तू तीनदा आली असतीस. मधल्या वेळात आईंशी भांडत वाडीभर फिरली असतीस. मी ओळखते तुला. पाचवेळा तू माझ्यापाशी बसतेस, मला एवढंच हवं होतं." मग म्हणाली, "तुझी फार आठवण येते गं, शोभा. सारखी येते. आता दुखतंय म्हणून बोलले."

मी शहाळ्यात नळी घालून तिच्या तोंडाशी धरली. मलासुद्धा येते, हे तेवढं म्हटलं नाही. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा येते, चांगली भाजी खाल्ली की येते.

एके दिवशी दुपारी उशिरा घंटा वाजली. मावशी लगबगीनं शहाळं आणि गोळी घेऊन आल्या. "घे गं, वेळ झाली."

"आई, आत्ताच घेतली की मी."

"घंटा झाली ना!"

"ही वेळेची घंटा नव्हे. एकेक ठोका पडतोय, ऐका. कुणीतरी गेलंय."

मावशी थबकल्या आणि मोजायला लागल्यासारख्या कान देऊन उभ्या राहिल्या. कुंदाला हसू आलं. आल्यापासून तिला मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. हसल्यावर कपाळ ताणलं गेलं तशी "आई गं" म्हणून तिनं चेहरा धरला, आणि तरीही हसत राहिली. मग ठोके पडतच राहिले. मावशींनी शहाळं तसंच हातात धरलं होतं. त्यांचा मुलगा गेला त्या दिवशी शेजाऱ्यांनी घंटा वाजवली नव्हती, वाजवायचं कारणच नव्हतं, हे ख्रिस्ती घर नव्हे. पण मला वाटतं तेव्हा त्या त्याच दिवसात होत्या. शेवटी म्हणाल्या, "मी पिते हे," आणि उभ्यानं ते शहाळं पिऊन टाकलं.

कळंब

"तू समुद्र बघून ये," कुंदा म्हणाली. "वसईला येऊन खोलीत बसलीस तर मिरजेत काय सांगशील? कळंबला जा. आम्ही लग्न झाल्यावर तिथंच जायचो. बघ आणि मला सांग."

तिच्या डोळ्याला ऊन, वारा, वाळू, काही चालणार नव्हतं. म्हणून मी एकटी गेले. दोन गोळ्यांच्या मधल्या वेळात जाऊन यायचं होतं.

सुरूची झाडं, ओहोटीनं उघडी पडलेली काळपट सपाट वाळू, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील. वासानं माझं आधी नाक मुरडलं आणि मग भूक लागली. आम्ही घाटावरची माणसं, समुद्र म्हटलं की आम्हाला लाटा दिसतात. इथं तर पाणी कुठं दिसेना. बोंबील उलटत असलेल्या एका बाईला विचारलं, तर ती म्हणाली, "पानी लांब गेलंय बाय. येल आपोआप. तू बस." मी बसले नाही. चपला काढून हातात घेतल्या आणि पाण्याच्या शोधात चालत सुटले. गार ओली वाळू तळव्यांना इतकी बरी वाटली की मी वेळ विसरले. कुंदा आणि तिचा नवरा इथून चालले असतील, तो तिला काहीबाही बोलून हसवत असेल, हे मनात आलं आणि मला त्या मेलेल्या माणसाचा हेवाही वाटला आणि त्याची आठवणही आली. पाणी भेटलं तेव्हा ते परत यायला निघालं होतं. चपला वाळूत ठेवून मी पाण्यात पाय बुडवले, वळले तोवर एक चप्पल वाहून गेलेली होती.

एक चप्पल हातात घेऊन अनवाणी मी गिरीजला आले. कुंदाला सगळं सांगितलं. वाळूचा रंग, सुरूचा आवाज, बोंबलाचा वास, ती बाई. तिनं उजवा डोळा मिटून ऐकलं आणि मध्ये मध्ये विचारत राहिली, "उजव्या हाताला झोपड्या आहेत अजून? दीपस्तंभासारखं काही दिसलं का लांब?" मला जे दिसलं नव्हतं तेही मी थोडं सांगून टाकलं. हे प्रवासवर्णन पहिल्यांदा तिलाच सांगितलेलं आहे. तुम्ही दुसरे.

त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, "चल मिरजेला. खोली झाडून ठेवलीय."

तिनं अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "तिथं मला लपवावं लागेल गं. भाऊ, वहिनी, तुझ्या दुकानातलं प्रत्येक गिऱ्हाईक. पुन्हा पहिल्यापासून. इथं कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक आहे. माझी बाटली देवाशेजारी असते. मिरजेत कुठं ठेवू?"

"माझ्या देवाशेजारी ठेव की."

"तू एकटी म्हणजे मिरज नव्हे, शोभा." आणि खालच्या आवाजात, "आईंना माझ्याशिवाय कोण आहे?"

मला राग आला. खरंच आला. मावशींचा आला, केळींचा आला, त्या तीन घंटांचाही आला. तिला खोलीत सोडून मी वाडीत जाऊन बसले. थोड्या वेळानं मावशी आल्या, शेजारी बसल्या आणि अर्धं राजेळी केळं माझ्या हातात दिलं. मी ते खाल्लं. गोड होतं, काय करणार.

परत

मला निघावं लागलं तेव्हा तिच्या गोळ्या अजून चालू होत्या. फोडांवर खपली धरत होती, पापणी किंचित उघडत होती, पण डोळ्याचं नक्की सांगायला शेवटची तपासणी व्हायची होती. मला तिथून पाय उचलवेना. चुलतभावाचा फोनवर फोन, म्हणजे दुकानात गिऱ्हाइकांना तो चुकीचं काहीतरी देणार, ही भीती वेगळीच.

"मधल्या वेळच्या गोळ्यांची आठवण कोण करणार?" मी विचारलं.

तिनंच तोड काढली. त्या वर्षांत परगावचा फोन महाग पडायचा, म्हणून आम्ही सगळेच रिंग द्यायचो: नंबर फिरवायचा, समोर एकदा वाजू द्यायचा आणि ठेवून द्यायचा. पोचलो, निघालो, सगळं ठीक, असं काहीही त्यात सांगता यायचं. "गोळी घेतली की मी तुला रिंग देईन," ती म्हणाली. "उचलायचा नाही हं. नाही वाजला तर तू फोन करून मला शिव्या दे."

मावशींनी केळीच्या वाळक्या पानात बांधलेली सुकेळी पिशवीत घातली. वसईची ती सुकवलेली केळी मधासारखी चिकट आणि गोड असतात. दारात म्हणाल्या, "पुन्हा ये. भांडायला कुणी नाही मला." माझी व्हॅलासायक्लोव्हिर कुंदानं डॉक्टरांकडं देऊन टाकली, ज्याच्या गोळ्या चुकतात अशा कुणासाठी. मी नव्या चपला घेऊन गाडीत बसले.

मिरज

पोचले त्या सकाळी दुकानाचं शटर वर केलं आणि फोन एकदा वाजून थांबला. चुलतभाऊ उचलायला धावला. मी ओरडले, "हात लावू नकोस!" तो बिचारा दचकून मागं सरला.

मग रोज तसंच. दूधवाला येतो तेव्हा एक. दुकान भरतं तेव्हा एक. जेवणानंतर, दिवेलागणीला, आणि झोपायच्या आधी वरच्या खोलीतल्या दुसऱ्या फोनवर एक. गिऱ्हाइकं विचारायची, "फोन बिघडलाय का हो?" मी म्हणायची, "होय की." एके दुपारी वाजला नाही. माझ्या हातातून बाटली पडली. मी नंबर फिरवला तर मावशींनी उचलला आणि म्हणाल्या, "झोपलीय ती. उठवते आणि घ्यायला लावते. तू ओरडू नकोस." ओरडायला मी तोंडसुद्धा उघडलेलं नव्हतं.

शेवटच्या तपासणीच्या दिवशी फोन वाजला आणि थांबला नाही. वाजतच राहिला. मी उचलला.

"डोळा वाचला," कुंदा म्हणाली. "कडेला बारीकसा डाग राहील म्हणतात, नजरेच्या आड येणार नाही. कपाळ अजून ठणकतं, ते काही महिने ठणकेल. गोळ्या संपल्या. काल रात्रीची शेवटची होती."

मी दुकानात सगळ्यांसमोर रडले. मग आम्ही महाग फोनवर बराच वेळ काहीही बोललो नाही. ती तिकडं, मी इकडं. ठेवताना मी म्हटलं, "म्हणजे आता रिंग बंद."

"हो," ती म्हणाली, "आता कशाला."

दुसऱ्या दिवशी मी शटर वर केलं. उदबत्ती लावली, काउंटर पुसला, दूधवाल्याचं दूध आत घेतलं. झाडून ठेवलेल्या खोलीची किल्ली अजून माझ्या जुडग्यात होती. ती काढून खणात टाकावी असा विचार करत होते. फोन वाजला. एकदा. थांबला.

गोळी कसली, आता कुठलीच गोळी उरली नव्हती. मी उभी राहिले. उचलायचा नाही असं ठरलेलं होतं. मग मी तिचा नंबर फिरवला, गिरीजला एकदा वाजू दिला, आणि ठेवला.